पगारी कॅप्टन

अमेरिकेत असलेल्या माझ्या भाचीच्या मुलाने शाळेत एक प्रोजेक्ट केला. विषय होता हॅरी राइट. हा कोण, हे मला आधी मुळीच ठाऊक नव्हतं. पोराने फोनवर अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत मला तो समजावून सांगितला आणि शेवटी विचारलं, "आजोबा, आपल्याकडे असा पहिला कोण?" मी एका दमात उत्तर दिलं, "सी. के. नायडू! आपल्या नागपूरचे." त्यावर त्याचा पुढचा प्रश्न आला, "पण ते प्रोफेशनल होते का?"

आता याचं उत्तर हो द्यावं की नाही? चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, पण हो किंवा नाही यातलं एक निवडा म्हटलं की मी अजून अडतो. फोनवर त्याला काहीतरी सांगून वेळ मारून नेली. मग चार-पाच दिवस जुनं वाचलेलं आठवत बसलो, थोडं नवं वाचलं. तेच आज इथे उतरवतो आहे.

आधी हा हॅरी राइट. जन्म १८३५ सालचा, इंग्लंडमधल्या शेफिल्डचा. बाप क्रिकेटचा पगारी खेळाडू. तो न्यूयॉर्कच्या एका क्रिकेट क्लबात नोकरीला गेला, म्हणून पोरगाही तिथेच वाढला आणि बापासारखाच क्रिकेटवर पोट भरू लागला. पुढे बेसबॉलकडे वळला. १८६९ साली सिनसिनाटी गावातल्या 'रेड स्टॉकिंग्ज' संघाने उघडउघड सगळ्या खेळाडूंना पगार द्यायचा असं ठरवलं. बेसबॉलमधला हा पहिला उघड पगारी संघ. त्याचा कर्णधार, खेळाडू आणि व्यवस्थापक असं सगळं एकटा हॅरी राइट. पगार वर्षाला बाराशे डॉलर. धाकटा भाऊ जॉर्ज त्याच संघात चौदाशे घेई, कारण तो अधिक चांगला खेळे. थोरल्या भावाने धाकट्याला आपल्यापेक्षा जास्त पगार द्यायचा, ही गोष्ट मला फार आवडली. आपल्याकडे घराघरांत भांडणं झाली असती.

हॅरी राइट वारला ३ ऑक्टोबर १८९५ रोजी. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला नागपुरात कोट्टारी कनकय्या नायडू जन्मले. या योगायोगाला काही अर्थ नाही, पण मास्तर माणसाला सनावळीत अशा जोड्या दिसल्या की राहवत नाही.

तर प्रोफेशनल या शब्दाबद्दल. मराठीत आपण आज 'व्यावसायिक' म्हणतो. माझ्या लहानपणच्या वर्तमानपत्रांत 'धंदेवाईक' असा शब्द असे, आणि तो उच्चारताना थोडं नाक मुरडलं जाई. ते नाक मुरडणं आपण इंग्रजांकडून घेतलं. इंग्लंडात क्रिकेटमध्ये सरळ दोन जाती होत्या. हौशी खेळणारे ते 'जंटलमन', पैसे घेऊन खेळणारे ते 'प्लेयर'. दोघांच्या कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरायची फाटकंसुद्धा वेगळी. छापील धावफलकावर हौशी खेळाडूची आद्याक्षरं आडनावाच्या आधी आणि पगारी खेळाडूची नंतर. १९५० साली लॉर्ड्सवर फ्रेड टिटमस या पगारी खेळाडूची आद्याक्षरं चुकून आधी छापली गेली, तर ध्वनिक्षेपकावरून दुरुस्ती जाहीर करण्यात आली म्हणे. हा भेद १९६२ च्या नोव्हेंबरात अधिकृतपणे मोडला, तोवर चालूच होता. आपल्या जातिव्यवस्थेवर व्याख्यानं देणाऱ्या साहेबाच्या घरची ही गोष्ट!

आणि आपल्याकडे तर दोन्ही व्यवस्था एकावर एक बसल्या. त्यामुळे सीकेंच्या आधी बाळू पालवणकरांचं नाव घ्यावंच लागेल. आपल्याकडे क्रिकेटवर पोट भरणारा पहिला मोठा खेळाडू शोधायचा तर मी बाळूंकडेच बोट दाखवीन. चांभार समाजात जन्मलेला हा मुलगा, वडील लष्करात नोकरीला. पुण्यात आधी पारशांच्या क्लबात महिना तीन रुपयांवर, मग गोऱ्यांच्या पूना जिमखान्यात चार रुपयांवर मैदानाची कामं करू लागला. रोलर फिरवायचा, जाळ्या बांधायच्या आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. ग्रेग नावाचा साहेब त्याला प्रत्येक वेळी बाद केल्याबद्दल आठ आणे देत असे, असं सांगतात. हजारो चेंडू टाकून टाकून हा डावखुरा मुलगा देशातला पहिल्या प्रतीचा फिरकी गोलंदाज झाला. बॅट मात्र त्याच्या हातात कोणी दिली नाही. फलंदाजी हे साहेबाचं काम.

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांशी सामना जिंकायचा होता, तेव्हा बाळूंची आठवण झाली. मैदानावर चेंडू सगळ्यांनी एकच हाताळायचा, पण चहाच्या वेळी बाळूंचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. जेवणाचं पानही निराळं. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा पहिला संघ इंग्लंडला गेला, त्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. तरी मुंबईच्या हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. ते मिळालं धाकटा भाऊ विठ्ठल याला, १९२३ साली, तेही बराच वाद झाल्यावर. विठ्ठलरावांनी आपलं आत्मचरित्र मराठीत लिहून ठेवलं आहे, हे आपलं भाग्यच. (१९३७ च्या निवडणुकीत बाळू हे डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले आणि हरले. तो एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पुन्हा कधीतरी.)

हे एवढं सांगायचं कारण असं की सीके कोणत्या जगात खेळायला उतरले ते कळावं. त्या जगात पगार घेऊन खेळणारा हा नोकर होता, आणि नोकराने कर्णधार व्हायचं नसे.

सीके स्वतः नोकराच्या घरातले नव्हते. घराणं तेलुगू, पण नागपुरात स्थिरावलेलं. आजोबा इथले नामांकित वकील आणि जमीनजुमला असलेले. वडील केंब्रिजला शिकलेले, रणजितसिंहजी तिथे होते त्या काळातले. म्हणजे घरात क्रिकेट होतं, इंग्रजी होतं, खाऊनपिऊन सुख होतं. १९१६ साली हा एकवीस वर्षांचा उंच, सडसडीत मुलगा मुंबईच्या चौरंगी सामन्यात हिंदूंकडून गोऱ्यांविरुद्ध खेळायला उतरला. संघाचे सात गडी बाद झालेले. पहिले तीन चेंडू त्याने नुसते अडवले आणि चौथा षटकार! प्रथम श्रेणीतली पहिली धाव घेण्याऐवजी पहिल्या सहा एकदम घेतल्या. पुढची पन्नास वर्षं लोक हेच पाहायला येणार होते.

पण तेव्हा चौरंगी सामने वर्षातून एकदा. बाकीचे अकरा महिने काय करायचं? इथे नागपूरची अडचण येते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे गवई, पैलवान, बीनकार हे सगळे राजाच्या आश्रयाने जगले. कोल्हापूरला शाहू महाराज होते, म्हणून अल्लादियाखाँ तिथे राहिले, म्हणून तिथे तालमी घुमल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संस्थानिकांना क्रिकेटचा नाद लागला, तेव्हा क्रिकेटपटूही त्याच यादीत जाऊन बसले. गवयाच्या शेजारी, पैलवानाच्या शेजारी. नागपूरला मात्र राजाच उरला नव्हता. तिसरे रघुजी भोसले १८५३ साली वारले आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केलं. नंतरचं नागपूर म्हणजे मध्य प्रांताची राजधानी: कचेऱ्या, वकील, कारकून, कापसाच्या गिरण्या. यातली कुठलीच माणसं एखाद्या पोराला षटकार मारण्यासाठी पगार देणारी नव्हती. डलहौसीने नागपूरचं राज्य बुडवलं तेव्हा सत्तर वर्षांनंतरचा एक क्रिकेटपटूही बुडवला, असं मी एकदा वर्गात म्हणालो होतो. मुलं हसली होती. पण मी ते अगदीच गमतीने म्हटलं नव्हतं.

१९२३ साली इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी सीकेंना बोलावून घेतलं आणि आपल्या फौजेत कॅप्टन केलं. पुढे ते कर्नल झाले, आणि आपले वडीलधारे त्यांचा उल्लेख 'कर्नल सीके' असाच करत. पण त्यांची खरी नेमणूक कशासाठी होती हे इंदूरच्या टांगेवाल्यालाही ठाऊक असणार. पगार फौजेच्या खात्यातून, काम मैदानावर. हॅरी राइटला सिनसिनाटीने जे उघड दिलं, तेच होळकरांनी गणवेश घालून दिलं. म्हणून माझं उत्तर असं: सीके प्रोफेशनल होते, पण तसं म्हणायचं नव्हतं. 'कॅप्टन' ही पदवी मध्ये उभी होती. त्या दोन-तीन अक्षरांनी त्यांना पूना जिमखान्याच्या चार रुपयेवाल्या मुलापासून वेगळं केलं. अर्थात वकिलाचं घराणं आणि केंब्रिजचा बाप यांनीही केलंच. बाळूंना कोणी कॅप्टन केलं नसतं, हे आपण सगळे जाणतो.

१ डिसेंबर १९२६. बॉम्बे जिमखाना. गिलिगन नावाच्या कर्णधाराचा एमसीसी संघ आला होता, त्यात मॉरिस टेटसारखा जगातला अव्वल गोलंदाज. आदल्या दिवशी गाय अर्ल या पाहुण्याने आठ षटकार ठोकून मुंबईकरांना थक्क केलं होतं. दुसऱ्या दिवशी सीके उतरले आणि दोन तासांच्याही आत १५३ धावा, अकरा षटकार. एक चेंडू जिमखान्याच्या छपरावर पडला. बातमी शहरात पसरली तशी कचेऱ्यांतून माणसं उठून मैदानाकडे धावली, झाडांवर, गच्च्यांवर चढली. एमसीसीने नंतर त्यांना चांदीची बॅट भेट दिली. हिंदुस्थानला कसोटीचा दर्जा मिळावा, इथे एक नियामक मंडळ असावं, असं गिलिगनला वाटू लागलं त्यात या डावाचा वाटा मोठा आहे. १९२८ च्या डिसेंबरात मंडळ स्थापन झालं.

त्याच १९२६ साली तिकडे इंदुरात तुकोजीरावांना गादी सोडावी लागली. मलबार हिलवरचं बावला खून प्रकरण त्यांना भोवलं. ज्या राजाने नोकरी दिली तोच गेला! गादीवर मुलगा यशवंतराव आला आणि सीकेंची नोकरी टिकली. पण आश्रय या गोष्टीत किती अधांतर आहे ते बघा. इकडे माणूस एमसीसीला अकरा षटकार मारतो आहे, आणि त्याची मीठभाकरी मुंबईच्या रस्त्यावरच्या एका गोळीबारावर लोंबकळते आहे.

आता १९३२. पहिला कसोटी दौरा. संघाचा कर्णधार पोरबंदरचे महाराजा, उपकर्णधार लिंबडीचे घनश्यामसिंहजी. कारण उघड होतं, राजाने नेतृत्व करायचं असतं. पोरबंदरच्या महाराजांना फलंदाजी फारशी जमत नव्हती, पण त्यांच्याजवळ एक दुर्मीळ गुण होता. आपल्याला जमत नाही हे त्यांना कळत होतं. कसोटीच्या वेळी ते बाजूला झाले, लिंबडीकरांना दुखापत होती, आणि नेतृत्व सीकेंकडे आलं. काही खेळाडू त्यावरून रुसले, तक्रारी झाल्या. सीके शिस्तीचे कडक, बोलायला तुटक, आणि मुख्य म्हणजे राजे नव्हेत. महाराजांनी निर्णय बदलला नाही. पोरबंदर म्हटलं की आपल्याला गांधीजी आठवतात, पण या महाराजांची आठवणही क्रिकेटवाल्यांनी ठेवायला हवी.

२५ जून १९३२, लॉर्ड्स. निसारने सुरुवातीलाच होम्स आणि सटक्लिफचे त्रिफळे उडवले, वूली धावबाद, इंग्लंड ३ बाद १९. मग जार्डिन टिकून राहिला. क्षेत्ररक्षण करताना सीकेंच्या हाताला लागलं, तरी पहिल्या डावात संघातर्फे सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच. सामना १५८ धावांनी गेला. पण त्या दौऱ्यात सीकेंनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत १६१८ धावा काढल्या, ६५ बळी घेतले, आणि 'विस्डेन'ने १९३३ साली वर्षातल्या पाच खेळाडूंत त्यांची निवड केली. बर्मिंगहॅमला त्यांनी मारलेला एक षटकार रिया नदीच्या पलीकडे गेला. नदी ही दोन परगण्यांची सीमा, म्हणून चेंडू एका परगण्यातून दुसऱ्यात गेला असं कौतुकाने सांगतात.

मला या सगळ्यात वेगळीच गोष्ट मोठी वाटते. इंग्लंडने विसाव्या शतकात पगारी खेळाडूला कसोटी कर्णधार म्हणून पहिल्यांदा नेमलं ते १९५२ साली. लेन हटन. आणि त्याचा त्या पदावरचा पहिला सामना कोणाविरुद्ध? आपल्याविरुद्ध, लीड्सला. शून्यावर आपले चार गडी गेले तोच. म्हणजे साहेबाला जे जमायला १९५२ साल उजाडलं, ते गुलाम देशाने त्याच्याच लॉर्ड्सवर वीस वर्षं आधी करून दाखवलं होतं. पगारावर खेळणारा माणूस आमचा पहिलाच कर्णधार! फक्त ते कोणाच्या लक्षात आलं नाही. फलकावर 'कॅप्टन' लागलं होतं ना.

१९३३-३४ मध्ये जार्डिनचा संघ इथे आला तेव्हाही सीकेच कर्णधार. मुंबईच्या पहिल्या कसोटीत लाला अमरनाथांनी आपल्या देशाचं पहिलं कसोटी शतक केलं, ११८. दुसऱ्या बाजूला ६७ धावा करून त्यांना साथ देत होते सीके. चार कसोटींत नेतृत्व केलं, तीन हरले, एक बरोबरीत सुटली. तिथे त्यांचं कसोटी कर्णधारपद संपलं.

कारण १९३६ ला 'विझी' आले. विजयनगरमचे महाराजकुमार. बाकीची सगळी कला त्यांच्याजवळ होती, खेळायची सोडून. तीन कसोटींत मिळून ३३ धावा, आणि त्याच वर्षी 'सर' हा किताब. पोरबंदरच्या महाराजांना जे कळलं ते यांना कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. संघात दोन तट पडले. अमरनाथांना शिस्तीच्या नावाखाली दौऱ्यातून परत पाठवलं. बाका जिलानी या खेळाडूने सकाळच्या न्याहारीच्या टेबलावर चारचौघांत सीकेंचा अपमान केला आणि बक्षीस म्हणून त्याला कसोटीत जागा मिळाली, असं क्रिकेटचे इतिहासकार लिहितात. चाळिशी ओलांडलेला, देशाचा पहिला कर्णधार, समोर चहाचा कप, आणि संघातलाच एक पोरगा टाकून बोलतो आहे. बाळूंचा चहा बाहेर होता, सीकेंचा आत. बस, फरक तेवढाच पडला होता.

सीके त्यावर काय बोलले ते मला सापडलं नाही. काय केलं ते सापडलं. ओव्हलवरच्या शेवटच्या कसोटीत, दुसऱ्या डावात, गबी अॅलनचा चेंडू छातीच्या खाली जोरात बसला. कळवळले, पण आत गेले नाहीत. ८१ धावा केल्या. सात कसोटींतली ती त्यांची सर्वोच्च खेळी आणि तोच त्यांचा शेवटचा कसोटी डाव.

यानंतर कोणी म्हणेल, संपलं. पण हॅरी राइटशी त्यांचं खरं नातं जुळतं ते इथून पुढे. खेळाडू आणि व्यवस्थापक एकाच अंगात! होळकरांचा रणजी संघ सीकेंनी असा काही बांधला की १९४४-४५ ते १९५२-५३ या नऊ हंगामांत तो आठ वेळा अंतिम सामन्यात गेला आणि चार वेळा जिंकला. इंदूरच्या मुश्ताक अलींना कोवळ्या वयात हेरलं ते सीकेंनीच. धाकटे भाऊ सी. एस. नायडू होते, सागरचे चंदू सरवटे, आपल्या नागपुरात जन्मलेले हिरालाल गायकवाड, निंबाळकर, जगदाळे, भांडारकर... नावं वाचताना महाराष्ट्र मंडळाची यादी वाचतो आहोत असं वाटतं. १९४५-४६ च्या उपांत्य सामन्यात म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२, आणि एका डावात सहा जणांची शतकं! त्यात एक पन्नाशीच्या सीकेंचं. लगेच अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी द्विशतक काढलं. पन्नासाव्या वर्षी आमच्यातल्या बऱ्याच जणांचा गुडघा फळ्यापर्यंत जाताना कुरकुरायचा.

त्याच्या आदल्या वर्षीचा मुंबईविरुद्धचा अंतिम सामना तर कहाणीच आहे. सी. एस. नायडूंनी दोन डावांत मिळून ९१७ चेंडू टाकले. होळकरांकडून खेळत होता डेनिस कॉम्प्टन, जो तेव्हा महूच्या छावणीत सैनिक म्हणून होता. त्याने नाबाद २४९ केल्या. एका धनिकाने त्याला शंभराच्या पुढच्या प्रत्येक धावेला रोख बक्षीस कबूल केलं होतं आणि डाव संपल्यावर तो धनिक तातडीच्या कामाने कलकत्त्याला निघून गेला होता, असं कॉम्प्टन गमतीने सांगत असे. इंग्लंडातला नावाजलेला पगारी खेळाडू, पण त्याचीही मजुरी बुडाली ती हिंदुस्थानी आश्रयदात्याकडूनच. असो.

१९४८ साली इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. राजे गेले, तैनाती गेल्या, हळूहळू संघही गेले. होळकर हे नाव रणजीत १९५४-५५ नंतर दिसत नाही. सीके मात्र खेळतच राहिले. १९५१-५२ च्या अंतिम सामन्यात मुंबईच्या दत्तू फडकरांचा चेंडू तोंडावर बसला, दोन दात पडले. छप्पन वर्षांच्या या माणसाने ते बॅटने खेळपट्टीवरून बाजूला सारले आणि पुन्हा पवित्रा घेतला. १९५३-५४ ला आंध्रचा संघ नव्याने रणजीत आला, त्याचं नेतृत्व करायला गेले. १९५६-५७ ला उत्तर प्रदेशचे कर्णधार, वय एकसष्ट, आणि त्या हंगामातही त्यांनी अर्धशतक काढलं. शेवटचा प्रथम श्रेणी सामना १९६३ च्या नोव्हेंबरातला, महाराष्ट्राच्या राज्यपालांचा संघ विरुद्ध मुख्यमंत्र्यांचा संघ. वय अडुसष्ट.

लोक याला खेळावरचं प्रेम म्हणतात. प्रेम तर होतंच. पण मला वाटतं, या प्रेमात थोडं दुसरंही काही मिसळलेलं असावं. ज्याला एकच काम येतं, ज्याने ऐन उमेदीची सारी वर्षं एकाच दरबारात घालवली आणि तो दरबारच एके दिवशी उठला, त्याने साठीला काय करायचं? आम्हा मास्तरांना निदान अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शनचे कागद तरी मिळाले. १९४१ साली सीकेंनी एका लिव्हर टॉनिकच्या जाहिरातीला नाव दिलं होतं. वस्तूला नाव देणारे ते पहिले भारतीय क्रिकेटपटू असं म्हणतात. आज आपण ते वाचून हसतो, पण माझ्या मते ते प्रामाणिकपणाचं होतं. हा माझा खेळ, हे माझं नाव, आणि याचे पैसे होतात, असं त्यांनी एकदा तरी फौजेचा गणवेश न घालता सांगितलं.

राजांच्या जागी पुढे रेल्वे आणि बँका आल्या. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, रेल्वेचा तर रणजीत वेगळा संघच झाला. आमच्या शाळेतला एक हॉकी खेळणारा मुलगा असाच खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत लागला. त्याचे वडील पेढे घेऊन आले तेव्हा त्यांच्या तोंडून हॉकीचं नाव निघालं नाही, 'परमनंट' हा एकच शब्द चार वेळा निघाला. मग २००८ साली आयपीएल आलं आणि खेळाडूंचा उघड लिलावच सुरू झाला. माझ्या वयाच्या लोकांना लिलाव हा शब्द अजून खटकतो. पण किंमत लपवण्यापेक्षा तो बरा, असं मी हल्ली म्हणू लागलो आहे. घरी याला पाठिंबा नाही.

आपल्या खापरखेड्याकडचा उमेश यादव घ्या. वडील कोळसा खाणीत कामाला. पोलिसात शिपाई व्हायचं होतं, जमलं नाही. विदर्भाकडून खेळत खेळत २०११ साली कसोटी खेळला. सीकेंसारखं त्याला गाव सोडून कोणाच्या पदरी जावं लागलं नाही. उलट आता बाहेरचे इथे येतात. २०१७-१८ ला विदर्भाने पहिल्यांदा रणजी जिंकली तेव्हा मुंबईचे वसीम जाफर आपल्या संघात होते आणि मुंबईचेच चंद्रकांत पंडित प्रशिक्षक होते. नंतर २०१८-१९ आणि २०२४-२५ लाही करंडक इथेच आला. पण उमेशची एक गोष्ट सीकेंना नक्की कळली असती. आयपीएलचे कोट्यवधी रुपये पाहिल्यावरही २०१७ साली त्याने नागपूरच्या रिझर्व्ह बँकेत साहाय्यक व्यवस्थापकाची नोकरी घेतली.

सीकेंना १९५६ साली पद्मभूषण मिळालं. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी ते इंदुरात वारले. नागपुरात विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या स्टेडियमबाहेर त्यांचा पुतळा आहे, मंडळाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो, तरुणांची एक स्पर्धाही त्यांच्या नावाची आहे. त्यांच्या कन्या चंद्रा नायडू इंदूरच्या सरकारी कॉलेजात इंग्रजी शिकवत. १९७७ साली त्यांनी आकाशवाणीवरून क्रिकेटचं समालोचन केलं, आपल्या देशात ते करणाऱ्या त्या पहिल्या बाई. वडिलांवर त्यांनी एक पुस्तकही लिहिलं. २०२१ मध्ये त्या गेल्या. प्राध्यापकी करून, वेळेवर निवृत्त होऊन, स्वतःच्या पेन्शनवर त्या इंदुरातच राहिल्या होत्या.